गोधडीतला कॉम्प्युटर

काळजी करण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. एसटी उशिरा आली तर मी काळजी करतेच, पण वेळेवर आली तरी मला वाटतं, आज नक्की काहीतरी गडबड आहे. धाकट्या भावाला हे चांगलं ठाऊक आहे. तरीही बाबांसाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा तो बिनधास्त म्हणाला, "ताई, तूच घे गो बघून. तुला कळतं त्यातलं." मला त्यातलं एवढंच कळत होतं की यात फसायला भरपूर वाव आहे.

बाबांना त्या पावसाळ्यात झटका आला होता. लावणी आटोपली, अवजारं धुऊन पडवीत ठेवली आणि तिथेच ते खाली बसले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. पुढे पाय थोडा सुधारला, धरून चालवलं तर चार पावलं टाकायचे. बोलणं मात्र आलं नाही. आला तो एकच शब्द, 'नाय'. चहा घेता का विचारलं की 'नाय', आणि डावा हात कपाकडे पुढे. दुखतंय का? नाय. झोपायचंय का? नाय. बसायचंय का? नाय. सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. मग ते यायचं बंद झालं.

मी शहापूरला राहते. एका कर सल्लागाराकडे हिशेबाचं काम करते. माहेर मुरबाडच्या पलीकडे, म्हशाजवळच्या एका गावात. दर शनिवारी मी किन्हवलीवरून मुरबाडला आणि तिथून घरी जायचे. दारात चपला काढल्या की पहिलं बाबांच्या खाटेशी बसून विचारायचे, "बाबा, मी आले. बरं वाटलं का?" बाबा माझ्याकडे बघत म्हणायचे, "नाय." हे आजारपण बोलतंय, बाबा बोलत नाहीत, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. तरी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन पोटभर रडून आले होते.

बाबा तसे आधीपासूनच कमी बोलणारे. पण त्यांच्या बोलण्याला वजन होतं. म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला जाणारी माणसं त्यांना मुद्दाम सोबत न्यायची. बाबा बैलाभोवती सावकाश एक फेरी मारायचे, दात बघायचे, कानाचं मूळ हातात धरायचे, मालकाला त्याला चालवून दाखवायला सांगायचे. चेहऱ्यावर हौस दिसू द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मग टॉवेल पडायचा. एकाने खांद्यावरचा टॉवेल आपल्या हातावर टाकायचा, दुसऱ्याने त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव बोलायचा. भोवती एवढी गर्दी, पण कुणाला काही कळायचं नाही. लहानपणी मी बाबांचं धोतर धरून हे बघितलंय. कुठल्या बोटाचा काय अर्थ ते मला कधी कळलं नाही, पोरींना ते शिकवत नसत. एवढंच समजायचं की शेवटी टॉवेलाखाली अख्खा पंजा धरला जायचा, एकदा घट्ट दाबला जायचा, आणि हात झटकन सुटायचे. सौदा पक्का. त्यानंतर कुणी हात धरून ठेवत नसे, नाहीतर बघणाऱ्याला वाटायचं की अजून घासाघीस चाललीय.

असा माणूस आता खाटेवर पडून दिवसभर भिंतीकडे बघायचा. आत बाबा आहेत की नाहीत हेच आम्हाला कळेना. ही भीती मी कुणाला बोलून दाखवली नाही. आईला तर नाहीच.

कल्याणला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, आता जेवढं करून घ्याल तेवढं हाती लागेल. पण कल्याणचा रस्ता बाबांना सोसेना. गाडीत बसवलं की उलट्या, घरी पोचले की दोन दिवस ग्लानी. शेवटी मॅडम म्हणाल्या, मी व्हिडिओवर शिकवते. भावाने मोबाइल बाबांच्या समोर धरला. बाबांनी त्या एवढ्याशा चौकोनाकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मॅडमनी सांगितलं, "त्यांना माझा चेहरा मोठा दिसायला हवा. ओठ दिसायला हवेत. आणि ओठ नि आवाज एकत्र पोचले पाहिजेत, मागेपुढे नकोत. घरात टीव्ही आहे ना?"

टीव्ही होता. भिंतीवर टांगलेला, चांगला मोठा, पण जुन्या पद्धतीचा. त्यावर बातम्या आणि मालिका दिसायच्या, बाकी त्याला काही येत नव्हतं. त्याला कॉम्प्युटर जोडायला हवा होता. ऑफिसचा लॅपटॉप मी तिथे सोडू शकत नव्हते. मोठा कॉम्प्युटर घेतला तर घरचा इन्व्हर्टर त्याच्यापुढे टिकणार नव्हता, आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल ते लाईटलाच माहीत. म्हणून तो छोटा डब्यासारखा मिनी पीसी घ्यायचं ठरलं. वीज कमी खातो, जागा अडवत नाही, टीव्हीला जोडला की झालं. शिवाय मॅडमचा पाठ नसेल तेव्हा मला त्यावर ऑफिसचं काम करता आलं असतं. म्हणजे मला आठवड्यातून जास्त दिवस बाबांजवळ राहता आलं असतं. एका डब्यावर मी केवढं ओझं टाकत होते, ते आता लिहिताना लक्षात येतंय.

मग सुरू झाला माझा अभ्यास. किन्हवलीच्या बसमध्ये, दुपारच्या डब्याच्या वेळी, भाजी फोडणीला टाकताना, सारखी मोबाइलवर तेच वाचत बसायची. ज्यांनी वस्तू घेतली त्यांचे अभिप्राय वाचायचे. ढीगभर लोकांनी 'उत्तम' म्हटलेलं असायचं आणि एखाद्याने लिहिलेलं असायचं, 'पंखा फार वाजतो'. माझा विश्वास त्या एकट्यावर बसायचा.

पंख्याचा प्रश्न साधा नव्हता. आजारानंतर बाबा आवाजाला फार दचकायचे. कुकरची शिट्टी झाली तरी त्यांचा डावा हात थरथरायचा. तेव्हा बिनपंख्याचा घ्यावा म्हटलं. असे मिळतात, अगदी मुके. पण ते तापतात आणि तापले की हळू होतात असं वाचलं. हळू झाला तर चित्र अडकणार, मॅडमचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. मग बाबा तोंड फिरवणार. म्हणजे पंखा हवा. पण पंखा असला की धूळ आत ओढणार, आणि आमच्याकडे तर भाताची झोडणी तोंडावर आलेली. मेमरी आठ जीबीची पुरेल की सोळाची हवी? ऑफिसातून काढून टाकलेले छोटे कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतात, ते मजबूत असतात म्हणे, ते घ्यावेत का? पण आधी कुणी कसे वापरले, काय सोसलंय त्यांनी, कुणाला माहीत. मी एक पर्याय पक्का करायची, निवांत व्हायची, आणि पोळी लाटता लाटता त्याच्यातली खोट आठवायची.

भाऊ मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर असतो. त्याला फोन केला की यंत्रांच्या आवाजात ओरडून म्हणायचा, "डबा तो डबाच ना गो ताई! कुठलाही घे!" मी चिडून फोन ठेवायची. चूक झाली तर ती त्याची ठरणार नव्हती. बाबांचे ते महत्त्वाचे महिने माझ्या एका चुकीच्या खरेदीत वाया जाणार होते. रोज असं वाटायचं की मी वाचत बसलेय आणि तिकडे काहीतरी कायमचं मिटत चाललंय.

शेवटी घरपोच मागवायचा विचार सोडला आणि कल्याणला दुकानात जाऊन उभी राहिले. दुकानदार तरुण, हसरा. त्याने विचारलं, "गेमिंगसाठी का ऑफिससाठी?"

"वडिलांसाठी," मी म्हटलं.

त्याने काचेवर तीन-चार डबे मांडले. मिठाईच्या पाव किलोच्या खोक्याएवढे. मी त्यांच्याभोवती फिरू लागले. ते मागून पाहिले, खालून पाहिले, जाळ्या कुठे आहेत ते पाहिलं. त्याला चालू करून दाखवायला सांगितलं. चालू केल्यावर मी सरळ काउंटरवर वाकून डब्याला कान लावला. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं असावं. मी म्हटलं, "आता याच्यावर एकदम दोन-तीन व्हिडिओ लावा. मला तो दमल्यावर कसा आवाज करतो ते ऐकायचंय." दुकानदाराने लावले. मी हाताने त्याची कड चाचपली, गरम किती होतो ते बघितलं. मग विचारलं, "लाईट गेली आणि परत आली तर हा आपला आपण सुरू होतो का? माझी आई बटण दाबणार नाही." त्याने आतली एक सेटिंग बदलली, वायर काढली, परत लावली. डबा आपला आपण सुरू झाला.

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की मी बाबांसारखी वागतेय. फेरी मारली, कान लावला, चालवून बघितला. फक्त तोंडावरची काळजी मला लपवता येत नव्हती. दुकानदाराला ती दिसली आणि तो म्हणाला, "ताई, नाही जमलं तर मुदतीत परत आणा, मी बदलून देईन." त्या वाक्यावर मी तो घेतला. पंख्याचा, पण हळू आवाजाचा, सोळा जीबीचा. बसमध्ये खोकं मांडीवर धरून बसले आणि मुरबाड येईपर्यंत बिनपंख्याचाच घ्यायला हवा होता असं मला पक्कं वाटू लागलं होतं.

घरी आई त्याला हळदकुंकू लावायला निघाली. जाळीत जाऊ नये म्हणून मी ओरडले, तेव्हा तिने खोक्याला लावलं. टीव्ही भिंतीला इतका चिकटून होता की डबा मागे बसेना. म्हणून तो खाटेच्या डाव्या बाजूला, बाबांच्या हाताशी, छोट्या स्टुलावर ठेवला. टीव्हीवर कॅमेरा बसवला. आणि मॅडमचा चेहरा अख्ख्या पडद्यावर आला. "नमस्कार काका," त्या म्हणाल्या. बाबा बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने डोक्यावरची टोपी सारखी केली. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला नायच म्हणाले, पण तोंड फिरवलं नाही. मी शहापूरला परतले ती चक्क गाणं गुणगुणत. आमच्या यजमानांनी विचारलं, बरी आहेस ना?

तो आनंद जेमतेम मंगळवारपर्यंत टिकला. भावाचा फोन आला. "ताई, मधेच बंद पडला तो. मॅडम बोलता बोलता गायब." मी म्हटलं लाईट गेली असेल. नाही, लाईट होती. पुन्हा सुरू केला तर थोडा वेळ चालला, मॅडम अडखळत बोलायला लागल्या, ओठ एकीकडे, आवाज एकीकडे, आणि पुन्हा बंद. बाबांनी तोंड फिरवलं.

शनिवारी मी गेले तर यंत्र शहाण्यासारखं चाललं. पाठ संपला तरी चालू, दुपारभर मी त्यावर काम केलं तरी चालू. मी परतले आणि सोमवारी पुन्हा बंद. पुढच्या आठवड्यातही तेच. मी असताना गुणाचा, मी गेले की नाटकं. मला वाटलं व्होल्टेजचा घोळ असेल. मग वाटलं राऊटर. मग वाटलं मेमरीच खराब असणार. रात्रंदिवस डोक्यात तेच. दुकानदार फोनवर म्हणाला, "आणून दाखवा, पण मुदत संपत आलीय." भाऊ म्हणाला, "मी पाळी सोडून कल्याणला जाऊ काय?" आई फोनवर एवढंच म्हणाली, "राहू दे गो बाय. नाय बोलले तर नाय बोलले. आमी सांभाळू." ते मात्र मला सहन झालं नाही. आई हरली तर सगळंच संपलं असं मला वाटलं.

म्हणून बुधवारी ऑफिसातून रजा घेऊन, कुणाला न कळवता, मी निघाले. यंत्र उचलायचं, खोक्यात भरायचं, तडक कल्याणला जाऊन बदलून आणायचं. बसमध्ये मी दुकानदाराशी मनातल्या मनात भांडण करत बसले होते.

घरी पोचले तेव्हा भाऊ कामावर निघून गेला होता. जाण्याआधी त्याने पाठ लावून दिला होता आणि मॅडम पडद्यावर होत्या. अंगणात झोडणी झालेली, पेंढ्याचा भुगा उन्हात उडत होता. आई ओटीवर सूप घेऊन बसली होती. मला बघून दचकली. "आज कशी गो आलीस? बुधवारी?" आणि सूप टाकून लगबगीने आत पळाली. मी तिच्या मागे गेले. ती स्टुलाकडे वाकून काहीतरी काढू पाहत होती.

मिनी पीसीला गोधडी घातली होती.

थट्टा नाही. जुन्या लुगड्याचे चार पदर एकावर एक टाकून, हाताने टाके घालून, चारही बाजूंनी बेताने शिवलेली इवलीशी गोधडी. वायरींसाठी मागे भोकं ठेवलेली, भोकांना काठ मुडपलेले. पुढच्या बाजूला निळ्या दोऱ्याने एक फूलसुद्धा. आमच्या घरी टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला कव्हर आहे, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत आहे. एवढी महागाची वस्तू आईच्या घरात उघडी राहील हे मला वाटलं तरी कसं? आणि मला हेही आठवलं की दर शनिवारी अंगणातल्या दोरीवर एक छोटंसं दुपटं वाळत घातलेलं असायचं. शेजारणीच्या नातीचं असेल असं मी समजत होते.

"भुगा किती उडतो बघ तू," आई अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "आन् थंडी कशी पडलीय. तू येणार म्हनून शनिवारी काढून धुते मी. तू काय म्हनशील, मळका ठेवला म्हनून."

भावाला नंतर विचारलं, तुला दिसलं नाही का? तो म्हणाला, मला वाटलं तूच सांगितलंस.

मला एकाच वेळी हसू येत होतं आणि कुणाला तरी ओरडावंसंही वाटत होतं. जाळ्या सगळ्या झाकलेल्या, बिचारं यंत्र तापून तापून बेशुद्ध पडत होतं. माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर मॅडम अडखळल्या आणि पडदा काळा झाला. मी किती तापलंय ते बघायला गोधडीच्या आत हात घातला.

आत आधीच एक हात होता.

"तो त्यांचा रोजचा चाळाच हाय," आई म्हणाली. "ऊब लागते ना. हात घालून बसतात."

बाबांचा डावा हात. मी माझा हात मागे घेणार तेवढ्यात त्यांनी माझी बोटं पकडली. दोन बोटं. आणि दाबली. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही, बाजारात बघायचे तसे. पुन्हा दोन बोटं. थोडं थांबून पुन्हा. चुकून लागलेला हात असा लागत नाही.

"आई," मी म्हटलं, "बाबा बोटं दाबतायत. दोन. टॉवेलाखाली दाबायचे तशी."

आई जागच्या जागी उभी राहिली. मग तिने पदराला हात पुसले, खाटेच्या कडेला टेकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर तू." मी सरकले. तिने गोधडीखाली हात घातला. आईचा चेहरा बघता बघता बदलत गेला.

"पाणी मागतायत," ती म्हणाली.

तिने तांब्या आणला. बाबा 'नाय' म्हणाले आणि अर्धा तांब्या एका दमात प्यायले.

मी विचारलं, तुला कसं कळलं? आई आधी सांगेचना. मग डोळे पुसत, लाजत, तुटक तुटक सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. ती शेतावर भाकर घेऊन जायची, सगळे बांधावर बसलेले असायचे. भाकरीचं फडकं हातात देताना बाबा त्याखाली तिची बोटं धरायचे. बाजारातली खूण त्यांनी घरची करून घेतली होती. एक बोट म्हणजे बरा हाय, काळजी नको. दोन म्हणजे पाणी दे.

"आणि तीन?" मी विचारलं.

"तीन तुझ्या कामाचं नाय," आई म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

मी खाटेशी बसून राहिले. एवढे दिवस हा माणूस त्या गोधडीखाली हात घालून कुणाच्या तरी हाताची वाट बघत होता आणि आम्ही समजत होतो की ऊब घेतोय. मला त्याचं फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त, अगदी छातीत मावेना असा, आनंद झाला. बाबा आत होते. सगळेच्या सगळे आत होते. बाजारात कापड पडल्याशिवाय बोलायचं नसतं, आणि घरात बरोबर हाताशी एक कापड त्यांना दिसलं होतं.

गोधडी काढून ठेवल्यावर यंत्र निवलं आणि सुरू झालं. मॅडम परत आल्या. मी त्यांना घडलेलं सांगितलं, आईने बाबांच्या मांडीवर टॉवेल टाकून दाखवलंही. मॅडम पुढे वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "बोलणं पूर्ण परत येईल असं मी आजही सांगत नाही. पण आता त्यांना काही विचारायची सोय झाली. इथूनच पुढे जाऊ." मग त्यांनी पडद्यावर तांब्याचं चित्र लावलं, मोठ्याने 'पाणी' म्हटलं आणि आईला त्याच वेळी दोन बोटं दाबायला सांगितलं. पुन्हा चित्र, पुन्हा शब्द, पुन्हा बोटं. ओठ आणि आवाज एकत्र पोचत होते. डबा मुळीच अडखळला नाही. चुलीवर पाणी तापत असावं तसा बारीक, एकसारखा पंख्याचा आवाज येत होता आणि बाबा त्याला दचकत नव्हते.

माझी काळजी लगेच संपली असं नाही. पाठ झाल्यावर मी जाळ्या फुंकून साफ केल्या. आईला समजावलं की हा प्राणी उघड्यावरच जगतो. तिला ते पटलं नाही, शेवटी वर पातळ जाळीचं कापड टाकायचं, तेही बंद असताना, यावर तडजोड झाली. खोकं अजून दाराशी पडलं होतं. परतीची मुदत संपायला आली होती, आणि मनात आलं, तापून तापून आतून काही बिघडलं असेल तर? आताच बदलून घेतलेला बरा का? मी स्वतःलाच शिव्या दिल्या, पण विचार जाईना.

तेव्हा मला सुचलं की आमच्या घरात जनावर घ्यायचं की सोडायचं हे आजवर एकाच माणसाने ठरवलं आहे. मी बाबांच्या डाव्या बाजूला बसले. त्यांच्या मांडीवरचा टॉवेल माझ्या हातावर ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या कापडाखाली हात घालत होते. मला कुठल्याच बोटाचा भाव माहीत नव्हता, म्हणून तोंडानेच विचारलं.

"बाबा, हा कॉम्प्युटर ठेवायचा का? मी इथे जास्त येईन मग. आठवडा आठवडा राहीन. चालेल का तुमाला?"

बाबा समोर बघत होते. "नाय," ते म्हणाले.

आणि टॉवेलाखाली त्यांनी माझा अख्खा पंजा धरला आणि घट्ट दाबला.

सौदा पक्का झाला की हात लगेच सोडतात, हे त्यांनीच जत्रेत मला दाखवलं होतं. मी वाट बघत बसले. आई आतून चहा घेऊन आली, अंगणात ऊन कललं, माझी परतीची बस जायची वेळ होऊन गेली. बाबांनी हात सोडला नाही.